संपादिकेचे मौन

दिवाळी अंक हातात पडला की घरातली माणसे तो आपापल्या जागी उघडतात. कुणी राशिभविष्याचे पान काढतो, कुणी व्यंगचित्रे पाहतो, कुणी चकलीच्या भाजणीचे प्रमाण शोधते; आणि फराळाची बशी शेजारी ठेवून एखादे आजोबा आमच्यासारख्यांचा निबंध वाचायला घेतात. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र ह्यांनी ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून ही निरनिराळ्या चवींची पाने एकाच शिवणीत बांधण्याची रीत आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्यामागे कुणाची तरी निवड असते हे ध्यानातच येत नाही. कुणीतरी बसून ठरवलेले असते की ही भाजणी येऊ द्यावी, ही कथा येऊ द्यावी, आणि तो तिसरा लेख मात्र साभार परत धाडावा. छापलेल्या पानांबद्दल आपण संपादकाचे कौतुक करतो किंवा त्याला बोल लावतो. न छापलेल्या पानांचा हिशेब त्याला कुणी विचारीत नाही. तो विचारावा काय, आणि विचारायचा तर कोणत्या मापाने?

स्त्रियांसाठी निघालेल्या मासिकांच्या बाबतीत हा प्रश्न फार टोकदार होतो. वर्तमानपत्र चव्हाट्यावर वाचले जाते. स्त्रियांच्या मासिकाला उंबरठा ओलांडून माजघरापर्यंत जायचे असते, आणि त्या उंबरठ्यावर दीर्घकाळ कुणीतरी उभा असे. वाचणारी एक आणि वर्गणी भरणारा दुसरा, असा हा व्यवहार. तेव्हा अशा मासिकांच्या संस्थापकांना पहिल्या अंकापासूनच एक विद्या साधावी लागली. कोणती गोष्ट मोठ्याने बोलायची, कोणती हळूच बोलायची आणि कोणती मुळीच बोलायची नाही, हे ओळखण्याची ती विद्या. तिला शहाणपण म्हणावे की भित्रेपणा? नुसत्या तर्काने ह्याचा उलगडा होणार नाही. म्हणून एका बाईंचे उदाहरण घेतो. त्या आपल्या नव्हेत. पण त्यांची गोष्ट शेवटी आपल्या कल्याणच्या एका मुलीपर्यंत येऊन पोचते.

सारा जोसेफा हेल ह्यांचा जन्म १७८८ साली अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशर प्रांतात झाला. मुलींना महाविद्यालयाचे दार तेव्हा बंद होते. भाऊ डार्टमथ कॉलेजात जाई आणि तिथे शिकलेले घरी येऊन बहिणीला शिकवी. १८१३ साली डेव्हिड हेल नावाच्या वकिलाशी लग्न झाले, आणि संसारातही रोज रात्री दोन तास नवराबायको बरोबर बसून वाचीत. १८२२ साली डेव्हिड वारले. त्यानंतर थोड्याच दिवसांत पाचवे मूल जन्मले. पदरी पाच लेकरे, हाती पैसा नाही. नणंदेबरोबर बायकांच्या टोप्यांचे दुकान चालवून पाहिले. मग पतीच्या स्नेह्यांनी मदत केली आणि कवितांचे एक पुस्तक निघाले. १८२७ साली ‘नॉर्थवुड’ ही कादंबरी आली, आणि तिच्यामुळे बॉस्टनहून निघणाऱ्या एका नव्या मासिकाच्या संपादनाचे बोलावणे आले. १८२८ च्या जानेवारीत ‘लेडीज मॅगझिन’ सुरू झाले. इंग्लंडातल्या मासिकांमधला मजकूर कातरून डकवायचा अशी तेव्हा तिथे सर्रास चाल होती. हेलबाईंनी ती मोडली आणि आपल्याच देशातल्या लेखकांकडून लिहवून घेतले. पुष्कळसे तर स्वतःच लिहिले.

१८३७ साली फिलाडेल्फियाच्या लुई गोडी ह्या प्रकाशकाने हे मासिक विकत घेऊन आपल्या ‘लेडीज बुक’मध्ये मिसळून टाकले आणि संपादकपदी हेलबाईंनाच ठेवले. जोडी मोठी विजोड होती. गोडी हा हौशी व्यापारी. फॅशनची चित्रे छापायची आणि ती बायकांकडून एकेक हाताने रंगवून घ्यायची, ही त्याची कल्पना. त्या कामावर दीडशेच्या घरात बायका असत. हेलबाईंना तो थाटमाट पसंत नव्हता. आणि गंमत अशी की पतीच्या मृत्यूपासून अखेरपर्यंत ह्या बाईंनी काळ्यावाचून दुसरा पोशाख केला नाही. आपल्याकडच्या आलवणासारखा तो कुणी त्यांच्यावर लादलेला नव्हता. त्यांनी आपण होऊन पत्करला होता. काळ्या कपड्यांतली विधवा साऱ्या देशातल्या तरुणींना या महिन्याचा झगा कोणत्या रंगाचा हे दाखवीत होती! पण त्या रंगीत चित्रांच्या बोटाला धरूनच त्यांचे लेख घराघरांत शिरले. १८६० पर्यंत ‘लेडीज बुक’चा खप दीड लाखावर गेला. त्या काळी अमेरिकेत एवढा खप फारच थोड्या मासिकांच्या वाट्याला आला असेल.

ह्या दीड लाख घरांत त्यांनी काय नेले ते पाहू. मुलींना मुलांइतकेच शिकवले पाहिजे. शाळांमधून स्त्री शिक्षिका नेमल्या पाहिजेत. विवाहित स्त्रीची मिळकत तिची राहिली पाहिजे. स्त्रीला तपासायला स्त्री डॉक्टर असली पाहिजे. एकदा सांगून त्या थांबल्या नाहीत. वर्षानुवर्षे, महिन्यामागून महिना, लोकरीच्या विणकामाच्या आणि केकच्या कृतींच्या आगेमागे हे चालू होते. मॅथ्यू व्हासार नावाच्या मद्याच्या कारखानदाराने मुलींसाठी महाविद्यालय काढले तेव्हा हेलबाईंनी त्याचा पाठपुरावा केलाच, शिवाय संस्थेच्या नावात ‘फीमेल’ हा शब्द होता त्यावर आक्षेप घेतला. हा शब्द गाईम्हशींनाही लावतात, तो शिकलेल्या बायकांना कशाला, असे त्यांचे म्हणणे. (आपल्याकडे कुणी ‘मादी महाविद्यालय’ अशी पाटी लावली तर कसे वाटेल, हे मनात आणावे म्हणजे त्यांचा संताप कळेल.) १८६७ साली तो शब्द नावातून गेला. नोव्हेंबर महिन्यात साऱ्या राष्ट्राने एकाच दिवशी ‘थँक्सगिव्हिंग’चा सण करावा म्हणून त्या सतरा वर्षे लेख लिहीत होत्या, एकामागून एक राष्ट्राध्यक्षांना पत्रे घालीत होत्या. शेवटी १८६३ च्या शरदात लिंकनने तो जाहीरनामा काढला. चिकाटी हा गुण मोजायचा झाला तर ह्या बाईंना पैकीच्या पैकी गुण द्यावे लागतील.

आता न छापलेल्या पानांकडे वळू. ‘लेडीज बुक’मध्ये राजकारण नको आणि पंथांचे वाद नकोत, असा गोडीचा दंडक होता. त्या काळच्या अमेरिकेत राजकारण म्हणजे मुख्यतः एकच प्रश्न होता. लाखो माणसे गुलाम म्हणून विकली जात होती, बाजारात आईपासून लेकरू तोडले जात होते. दक्षिणेकडच्या प्रांतांत मासिकाचे वर्गणीदार पुष्कळ. ते दुखावता कामा नयेत. ग्रेस ग्रीनवुड ह्या टोपणनावाने लिहिणारी एक तडफदार लेखिका ‘लेडीज बुक’च्या संपादनात साहाय्य करी. गुलामगिरीविरुद्धच्या ‘नॅशनल इरा’ ह्या साप्ताहिकातही ती लिहू लागली तेव्हा दक्षिणेत ओरड झाली, आणि १८५० च्या सुमारास गोडीने तिचे नाव मासिकावरून काढून टाकले. निर्णय मालकाचा होता, पण संपादक म्हणून हेलबाईंचे नाव तिथे पुढेही राहिले. पुढे १८६१ साली यादवी युद्ध पेटले. चार वर्षांत सहा लाखांहून अधिक माणसे मेली; वाचणाऱ्या बायकांपैकी कितीकांचे नवरे, भाऊ, मुलगे गेले असतील. ‘लेडीज बुक’मध्ये त्या युद्धाचा उल्लेख शोधावा लागतो.

हेलबाईंना ह्या विषयावर मतच नव्हते असे नाही. ‘नॉर्थवुड’ कादंबरीत उत्तर आणि दक्षिण, आणि त्यांच्या मधली गुलामगिरी हाच विषय होता. १८५३ साली ‘लायबेरिया’ नावाचे पुस्तक लिहून, मुक्त झालेल्या गुलामांना आफ्रिकेत नेऊन वसवावे असा पक्ष त्यांनी मांडला. ज्यांच्या पणजोबांना पळवून आणले त्या पणतवंडांना परत पाठवून द्यायचे, हा काही फार उदार विचार नव्हे. तेव्हा मासिकात त्या बोलल्या असत्या तरी मोठा उजेड पडला असता असे मला वाटत नाही. पण तो प्रश्न निराळा. आपल्यापुढे त्यांच्या गप्प राहण्याचा प्रश्न आहे.

ह्या मौनाची वकिली नीट केली पाहिजे. ती न करता निकाल देणे सोपे असते, म्हणून ते अन्यायाचे असते. हेलबाईंचा वकील म्हणेल: १८५० साली बाईंनी एक खणखणीत अग्रलेख लिहिला असता तर काय झाले असते? दक्षिणेतल्या हजारो घरांनी मासिक बंद केले असते. एकही गुलाम सुटला नसता. मात्र त्या घरांतल्या मुलींना शिकवा म्हणणारा एकमेव आवाज बंद झाला असता. ज्याला एक गोष्ट साधायची असते त्याने दहा गोष्टींवर पाणी सोडावे लागते. चार घरांचे मन राखल्यावाचून समाजात कोणते काम उभे राहिले आहे? शिवाय थँक्सगिव्हिंगमागचा त्यांचा भावही ध्यानात घ्या. त्यांना वाटत होते की सारा देश वर्षातून एक दिवस एकाच वेळी जेवायला बसला तर घर फुटणार नाही. लिंकनचा जाहीरनामा निघाला तेव्हा घर फुटून अडीच वर्षे झाली होती, हे त्यांचे दुर्दैव; पण भावना खोटी नव्हती. भाऊबंदकीने पोखरलेल्या घरात दिवाळीपुरते सगळ्यांना एका पंगतीला बसवणारी वडीलधारी बाई आपल्याला अपरिचित नाही.

ह्या वकिलीतले बरेचसे मला पटते. तिच्या उलट टोकाला काय होते तेही पाहिले पाहिजे. १८६८ च्या जानेवारीत सुझन अँथनी ह्यांनी ‘रेव्होल्यूशन’ नावाचे साप्ताहिक काढले. एलिझाबेथ कॅडी स्टँटन ह्या संपादिका. मताधिकार, घटस्फोट, गिरणीतल्या बायकांची मजुरी, सगळ्यांवर सडेतोड लिहायचे. भोंदू औषधांच्या जाहिराती घ्यायच्या नाहीत. वर्गणीदार तीन हजारांच्या आसपास. अडीच वर्षांत दहा हजार डॉलरांचे कर्ज झाले; १८७० साली पत्र एका डॉलरला दुसऱ्याच्या हवाली करून अँथनीबाईंनी गावोगाव व्याख्याने देत सहा वर्षांत ते कर्ज फेडले. वाचताना माणसाची मान आदराने लवते. पण त्याच पत्राला आरंभीचे भांडवल ज्या श्रीमंत गृहस्थाने दिले तो काळ्या माणसांची उघड टवाळी करणारा होता. आणि गुलामगिरीतून सुटलेल्या पुरुषांना मत मिळून आपल्याला मिळत नाही ह्या रागात ‘रेव्होल्यूशन’नेही त्या माणसांविषयी अशी वाक्ये छापली की आज ती वाचवत नाहीत. हेलबाई ज्यांच्याबद्दल गप्प राहिल्या त्यांच्याबद्दल ह्या बोलल्या, आणि असे बोलल्या! निर्भीडपणा अंगी आला म्हणजे न्यायबुद्धी आपोआप पाठोपाठ येते, ही आपली समजूत तपासून घेतली पाहिजे.

आपल्याकडेही ही दोन टोके झाली, थोड्या वेगळ्या रंगात. १९२७ साली रघुनाथ धोंडो कर्वे ह्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ काढले. संततिनियमन आणि स्त्रीपुरुषसंबंध ह्या विषयांवर त्यांनी शब्द गिळला नाही. खटले झाले, दंड झाला. एका खटल्यात डॉक्टर आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले. १९५३ साली मृत्यू येईपर्यंत कर्व्यांनी मासिक पदरमोड करून चालवले, आणि ते मूठभरांपलीकडे गेले नाही. शंकरराव किर्लोस्करांनी १९३० साली ‘स्त्री’ मासिक सुरू केले. नांगराच्या कारखान्याच्या आवारात जन्मलेल्या ‘किर्लोस्कर’ मासिकाचे ते भावंड. त्यात घरगुती सदरे होती, कथा होत्या, आणि त्यांच्या शेजारी विवाह, शिक्षण, रूढी ह्यांवर वाद घालणारे लेखही होते. ते हजारो घरांत गेले. तिथे विद्याताई बाळांसारखी संपादिका तयार झाली, आणि १९८९ साली तिने ‘मिळून साऱ्याजणी’ हे आपले स्वतंत्र मासिक काढले. कर्व्यांनी जे बोलून टाकले ते बोलायला इतरांना पुढे कितीतरी वर्षे लागली, हे खरे. आणि ‘स्त्री’ने ज्या घरांचे दार उघडले तिथे कर्व्यांना कुणी पायरी चढू दिली नसती, हेही खरे. दोघांपैकी एकाला लबाड आणि दुसऱ्याला हट्टी ठरवण्याचे काही कारण नाही.

मग माप कोणते? संपादक किती बोलला ह्याने ते काम भागत नाही. मला वाटते, मौनाची पावती कुणाच्या नावाने फाटली हे पाहावे. आपले दुःख गिळून एखादी बाई घर सांभाळते तेव्हा ती आपल्या पदरचे खर्च करते. तिला सोशीक म्हणा, भाबडी म्हणा. पण ती कुणाचे चोरीत नाही. दुसऱ्याचे दुःख गिळून घराची शांतता राखणारी माणसे निराळी. जुन्या वाड्यांमधून केशवपन झालेली एखादी आत्या असे. दिवाळीचा सारा फराळ तिच्या हातचा, आणि ओवाळायच्या वेळी ती मागल्या सोप्यात. घरातली शिकलीसवरलेली माणसे तेव्हा काय करीत होती? वाद नको म्हणून गप्प बसत होती. वाड्यात शांतता नांदे, हे अगदी खरे. त्या शांततेचा खर्च कोण भरत होते, एवढेच कुणी विचारले नाही. गप्प बसणारे स्वतःला समंजस समजत, आणि आत्याने तर कधी तक्रार केली नव्हती.

हेलबाईंचा हिशेब इथे अडतो. मुलींना शिकवा, शिकवा, असे सांगणारे त्यांचे मासिक ज्या दक्षिणेत जात होते, तिथल्या कितीतरी प्रांतांत गुलामाला अक्षरओळख करून देणे हा कायद्याने गुन्हा होता. म्हणजे त्याच घरात, त्याच छपराखाली, मालकीण स्त्रीशिक्षणावरचा लेख वाचीत बसलेली आणि तिची वेणी घालणाऱ्या मुलीने त्या लेखाचे पहिले अक्षर ओळखले तर शिक्षा. त्या काळी कागद चिंध्यांपासून करीत. त्या चिंध्यांमधला कापूस कुणी वेचला होता हे वेगळे सांगायला नको. ह्या मुलीविषयी मासिक बोलले नाही, कारण ती वर्गणीदार नव्हती, आणि ज्या वर्गणीदार होत्या त्यांना ते सोसले नसते. ‘स्त्री’ हा शब्द हेलबाईंनी फार मोठा केला, पण त्यातून ती मुलगी वगळून. त्यांच्या मौनाचा दाम हेलबाईंनी दिला नाही, गोडीने दिला नाही, दीड लाख वाचकांपैकीही कुणी दिला नाही.

इथे थांबून हेलबाईंना दोषी ठरवता आले असते तर लिहिणाऱ्याचे काम सोपे होते. पण फिलाडेल्फियाची गोष्ट अजून राहिली आहे.

त्या शहरात १८५० साली क्वेकर पंथाच्या लोकांनी स्त्रियांसाठी वैद्यकीय महाविद्यालय काढले. डॉक्टर मंडळींनी त्याची भरपूर चेष्टा केली. ‘लेडीज बुक’ त्याच शहरातून निघत होते, आणि हेलबाईंनी आपले वजन स्त्री डॉक्टरांच्या पारड्यात टाकले. परदेशांत जिथे बायका पुरुष वैद्यासमोर येत नाहीत तिथे स्त्री डॉक्टर पाठवाव्यात म्हणून त्यांनी १८५१ साली एक मंडळ उभारले आणि मासिकातून त्याचा पुकारा केला. बायकांनी शरीरशास्त्र शिकणे हे कुलीनपणाला बट्टा लावणारे नाही, हे त्यांनी दीड लाख कुलीन घरांना पटवीत आणले. आणि त्या घरांनी ते ऐकले, कारण ही बाई नको ते बोलत नाही असा त्यांचा भरवसा होता. ज्या मौनाबद्दल आपण आत्ता त्यांना पिंजऱ्यात उभे केले तेच मौन इथे भांडवल म्हणून कामी आले. १८८० साली न्यू जर्सीतल्या थिओडोशिया कार्पेंटर ह्या बाईंना दंतवैद्याकडे बसल्या असता एका जुन्या मासिकाच्या पानावर कुणा गोपाळराव जोशींचे पत्र वाचायला मिळाले. त्यातून पत्रव्यवहार वाढला, स्नेह जुळला, आणि १८८३ साली कल्याणची आनंदीबाई फिलाडेल्फियाच्या त्या महाविद्यालयात दाखल झाली. १८८६ च्या मार्चमध्ये तिला पदवी मिळाली तेव्हा पंडिता रमाबाई समोर बसल्या होत्या. हेलबाई तोपर्यंत वारल्या होत्या. नव्वदी पार करून, १८७९ साली. नऊवारी नेसलेली ती मुलगी त्यांच्या लेखांमुळे डॉक्टर झाली असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण जी वाट ती चालली तिच्यावरचे काटे ज्या हातांनी वेचले त्यांत हे काळ्या बाहीतले हात होते.

आणि त्याच वाटेने आनंदीबाईच्या एकोणीस वर्षे आधी आणखी एक मुलगी गेली होती. रिबेका कोल तिचे नाव, फिलाडेल्फियाचीच राहणारी, काळ्या वर्णाची. १८६७ साली तिने त्या महाविद्यालयाची पदवी घेतली. अमेरिकेत डॉक्टर झालेल्या काळ्या स्त्रियांत ती दुसरी. वर्गणीदारांच्या यादीत जिच्या जातभगिनींना जागा नव्हती तिलाही त्या उघडलेल्या दारातून आत येता आले. दार उघडणाऱ्यांनी तिला डोळ्यांपुढे धरले होते की नव्हते, ह्याने दाराला काही फरक पडला नाही. पुढे पन्नास वर्षे तिने गोरगरीब बायकांना औषध दिले. १८७३ साली एका मैत्रिणीच्या मदतीने तिने फिलाडेल्फियात निराधार स्त्रियांना औषधोपचार आणि कायद्याचा सल्ला देणारे केंद्र उघडले. त्या वर्षी, त्याच गावात, पंचाऐंशीच्या घरात पोचलेल्या हेलबाई काळा पोशाख करून ‘लेडीज बुक’च्या पुढल्या महिन्याच्या अंकाचे काम पाहत होत्या.